एएचआय ५२ आलाय, टेस्ट चुकली असेल का?

पत्र: ताई, वय ४७. घोरतो हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे, पण हल्ली बायको म्हणते की मधेच श्वास थांबतो, मग ती घाबरून हलवते. तिच्या हट्टापायी एक रात्र लॅबमधे झोपून स्लीप स्टडी केली. डोक्यापासून पायापर्यंत वायरी, झोप काय लागणार. सहा पानी रिपोर्ट आला, डॉक्टरांनी एकच पान बघितलं, "स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार, तोही सिव्हियर आहे, सीपॅप लावा" म्हणाले, म्हणजे ते झोपताना मास्क लावायचं मशीन, आणि पुढचा पेशंट आत. एएचआय ५२, ऑक्सिजन खाली ७१ पर्यंत. माझ्या धाकट्या भावाचा एएचआय २३ आहे आणि तो दिवसभर पेंगतो, मी मात्र दिवसा ठणठणीत. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत आणि रात्री तीनदा लघवीला उठतो, पण ते वयामुळे असेल. टेस्टच चुकली असेल का? झोपेत मरणार तर नाही ना? आणि मशीनच्या आधी वजन कमी करून बघितलं तर? रिपोर्ट जोडलाय. – एक घोरणारा

दादा, रिपोर्ट सगळा पाठवलात हे फार बरं केलंत, बरेच जण नुसता एक आकडा पाठवतात आणि विचारतात आता काय. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं रात्रपाळीत स्लीप लॅबमधे स्क्रीनसमोर बसून लोकांचे श्वास मोजायचं काम केलंय, त्यामुळे औषध, प्रेशर, मशीन याचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, मी फक्त कागद कसा वाचायचा ते सांगते.

आधी ५२ म्हणजे काय ते. झोपेच्या दर तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, तो एएचआय. पाचच्या आत नॉर्मल, ५ ते १५ माइल्ड, १५ ते ३० मॉडरेट, ३० च्या पुढे सिव्हियर. थांबणं म्हणजे हवा निदान ९० टक्के कमी झाली आणि ते कमीत कमी १० सेकंद टिकलं, त्याला अॅप्निया म्हणतात. हायपॉप्निया म्हणजे हवा पूर्ण बंद नाही पण निदान ३० टक्के कमी, १० सेकंद किंवा जास्त, आणि त्यासोबत ऑक्सिजन पडला किंवा मेंदू जागा झाला. इथे एक गोम आहे, हायपॉप्निया मोजायचे दोन नियम चालतात, एकात ऑक्सिजन ३ टक्के पडला किंवा जाग आली तरी धरतात, दुसऱ्यात ४ टक्के पडलाच पाहिजे. त्यामुळे एकाच माणसाच्या त्याच रात्रीचे दोन वेगळे एएचआय निघू शकतात, आणि ज्याचा आकडा १४ किंवा १६ आहे त्याने यावर डोकं लावण्यात अर्थ आहे.

तुम्ही लावू नका. का ते तुमच्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर आहे. झोप ५ तास, एकूण घटना २६०, म्हणून ५२. त्यात ऑब्स्ट्रक्टिव्ह (घसा बंद पडून) अॅप्निया १४८, सेंट्रल (मेंदूकडून आदेश न आल्याने, ते पुढे सांगते) ६, मिक्स्ड (दोन्ही मिळून) ९, हायपॉप्निया ९७. आता ते ९७ च्या ९७ खोडून टाका, समजा टेक्निशियनने ते उगाच धरले. उरले १६३, भागिले ५, आले साधारण ३३. म्हणजे नियम कुठलाही लावा, तुम्ही सिव्हियरच्या खाली येत नाही.

"झोपच लागली नाही मग टेस्ट बरोबर कशी" हा प्रश्न लॅबमधला जवळपास प्रत्येक पेशंट सकाळी वायरी काढताना विचारतो. रेकॉर्डिंग ७ तास २० मिनिटं, त्यात झोप ५ तास, म्हणजे स्लीप एफिशियन्सी ६८ टक्के, ही कमीच आहे, परक्या जागी पहिल्या रात्री असं होतंच. पण एएचआय काढताना भागाकार झोपलेल्या तासांनीच होतो, तुम्ही छताकडे बघत काढलेले दोन तास वीस मिनिटं त्यात धरलेलीच नाहीत. (घरी नेऊन करायच्या छोट्या टेस्टमधे बहुतेक वेळा मेंदूची वायर नसते, तिथे भागाकाराला अख्खा रेकॉर्डिंगचा वेळ घेतात, त्यामुळे तिथे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी यायची शक्यता जास्त.) वायरींमुळे माणूस पाठीवर जास्त वेळ पडून राहतो आणि त्याने आकडा थोडा फुगतो, हे मात्र खरं आहे, तुमचेही ५ पैकी ३ तास पाठीवरचे आहेत. तरी बघा, पाठीवर ६८ आणि कुशीवर २८. कुशीवरचा २८ सुद्धा सिव्हियरच्या उंबरठ्यावरच उभा आहे. आकडे रात्रीगणिक बदलतात, उद्या परत टेस्ट केलीत तर ५२ चा ४४ होईल नाहीतर ६० होईल, ५ होणार नाही. तेव्हा परत टेस्ट करण्यात महिने घालवू नका.

आता जे डॉक्टरांनी दाखवायला हवं होतं आणि दाखवलं नाही ते सांगते. तुमच्यासारखा ग्राफ स्क्रीनवर कसा दिसतो. सगळ्यात वर मेंदूच्या रेषा, मधे नाकापाशी हवेची रेष, तिच्याखाली छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या दोन रेषा, तळाला ऑक्सिजन आणि नाडी. हवेची रेष लहान लहान होत एकदम सपाट होते. छाती आणि पोट मात्र थांबलेले नसतात, ते ओढतच असतात, आणि उलटसुलट ओढतात, छाती आत तेव्हा पोट बाहेर, कारण घसा चिकटून बंद झालाय आणि खालून शरीर श्वास खेचायचा प्रयत्न करतंय. पंधरा सेकंद, वीस सेकंद. ऑक्सिजन अजून ९५ दाखवतो कारण सेन्सर बोटावर आहे, तिथपर्यंत खबर पोचायला वेळ लागतो. मग ९१, ८७, ८२. नाडी मंदावलेली असते. आणि मग मेंदूच्या रेषेत एकदम खळबळ उडते, स्पीकरवर तो मोठा फुरर्र आवाज येतो जो तुमच्या मिसेसना पाठ असेल, हवेची रेष उसळते, नाडी धावायला लागते, आणि गंमत म्हणजे ऑक्सिजनचा सगळ्यात खालचा आकडा याच्या नंतर दिसतो, श्वास सुरू झाल्यावर. तीन-चार मोठे श्वास, परत डोळा लागतो, परत रेष सपाट. तुमची एक घटना सरासरी २५ सेकंदांची आहे, ५२ गुणिले २५ करून बघा, तासातली जवळजवळ २२ मिनिटं श्वास बंद किंवा अपुरा. सगळ्यात लांब ६८ सेकंदांची. सकाळी यातलं काहीही आठवत नाही, कारण ती जाग काही सेकंदांचीच असते, मेंदू तेवढी लक्षात ठेवत नाही. रिपोर्टवर तिला अरौजल म्हणतात, तुमचा अरौजल इंडेक्स ४७ आहे.

"झोपेत मरणार का" याचं उत्तर त्यातच आहे. घसा बंद पडला की मेंदू उठवतो, म्हणून तुम्ही सकाळी उठता. आज रात्री गुदमरून जाल म्हणून जागत बसू नका, आणि मिसेसनाही श्वास मोजत बसायला लावू नका. हा आजार रात्रीत दगा देण्यापेक्षा वर्षानुवर्षं झिजवतो, रोज रात्री शेकडो वेळा ऑक्सिजन पडायचा, अॅड्रेनलिन उसळायचं, रक्तदाब वर जायचा. उपचार न केलेल्या सिव्हियर अॅप्नियाचा संबंध बीपी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, स्ट्रोक आणि शुगर यांच्याशी वारंवार दिसलाय. तुमच्या बीपीला दोन गोळ्या लागतायत ना? ही बाब बीपीच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर हा रिपोर्ट त्यांच्याही टेबलावर ठेवा.

माझं विचाराल तर तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ एएचआयची नाहीच. ती आहे चौथ्या पानावर खाली, बारीक टायपात: ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असताना घालवलेला वेळ ६६ मिनिटं. एएचआय फक्त घटना मोजतो, ती किती मोठी ते सांगत नाही, दहा सेकंदांची घटनाही एक आणि ६८ सेकंदांचीही एकच. सगळ्यात खालचा ७१ हा आकडा घाबरवतो खरा, पण तो एखाद्याच डुबकीचा असू शकतो, कधीकधी तर बोटावरचा सेन्सर सरकला म्हणूनही येतो. ६६ मिनिटं सेन्सर सरकत नाही. आणि ९० च का, तर तिथपर्यंत रस्ता सपाट असतो आणि त्याच्या खाली घाट लागतो, फुप्फुसात ऑक्सिजन थोडासा जरी कमी झाला तरी रक्तातलं सॅच्युरेशन धडाधड खाली येतं. पाच तासांच्या झोपेत ६६ मिनिटं म्हणजे २२ टक्के, हे दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. याच ओळीबद्दल डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ऑक्सिजन प्रत्येक घटनेनंतर परत वर येतोय का, की घटना नसतानाही खालीच राहतोय? तुमचं जागेपणीचं सॅच्युरेशन ९६ लिहिलंय म्हणजे बहुधा पहिलं असावं. पण घटना नसतानाही खाली राहत असेल तर फुप्फुसांचं काही आहे का किंवा वजनामुळे कार्बन डायऑक्साइड साठतोय का हे बघावं लागतं, आणि मग साध्या सीपॅपने भागत नाही असंही होतं.

सेंट्रल फक्त ६, ही चांगली बातमी, तिच्याकडे कुणी बघत नाही. सेंट्रल म्हणजे घसा उघडा पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच आला नाही, छाती-पोटाच्या पट्ट्याही सपाट. ते निम्म्याहून जास्त असते तर हृदयाची तपासणी, अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेताय का, ही सगळी वेगळी चौकशी सुरू झाली असती. तुमचं प्रकरण घशाचं आहे, सरळ आहे. सीपॅप सुरू केल्यावर काही जणांना सेंट्रल घटना नव्याने दिसायला लागतात, त्या बहुतेकांच्या काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कमी होतात, तसं झालं तर मशीन कपाटात टाकू नका, फक्त डॉक्टरांना कळवा.

झोपेच्या टप्प्यांचा तो रंगीत जिना, गाढ झोप ३ टक्के, रेम (स्वप्नांची झोप) ११ टक्के, यावर एका रात्रीवरून फार जीव टाकू नका. परकी जागा आणि वायरी, दोन्हीचा त्यात हात आहे.

भावाशी तुलना. भाऊ पेंगतो आणि तुम्ही नाही, यावरून टेस्ट चुकली असं होत नाही, कारण झोपाळूपणा आणि एएचआय यांचं एकमेकांशी फारसं जमतच नाही. ८० एएचआयची माणसं फ्रेश वाटतंय म्हणतात आणि १२ वाली मीटिंगमधे मान टाकतात. तुम्ही टेस्टच्या आधी जो आठ प्रश्नांचा फॉर्म भरलात, टीव्ही बघताना डुलकी लागते का, सिग्नलला गाडीत बसल्या बसल्या लागते का वगैरे, तो एपवर्थ स्केल, ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मधे काढलेला. चोवीसपैकी दहाच्या पुढे गेलं की झोप जास्त येते असं धरतात, तुमचे ७ आहेत. मला त्या सातवर भरवसा कमी आहे, खोटं लिहिलंत म्हणून नाही, वर्षानुवर्षं असंच चाललं असेल तर ठणठणीत कशाला म्हणायचं याचं मापच बदललेलं असतं. तोच फॉर्म मिसेसना तुमच्याबद्दल भरायला सांगा, बघा किती येतात. आणि रात्री तीनदा लघवीला जाणं वयावर ढकलू नका एवढ्यात. बंद घशाविरुद्ध श्वास ओढला की छातीतला दाब खाली जातो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. मशीन लावल्यावर बऱ्याच लोकांचं हे उठणं कमी होतं. प्रोस्टेट आणि शुगर तपासायचे ते तपासाच, पण ठणठणीतच्या यादीतून हे नाव काढा.

वजन आधी की मशीन आधी? दोन्ही, पण मशीन आजपासून. हिशोब करा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधे लोकांना वर्षानुवर्षं बघून २००० साली जो अभ्यास छापून आला त्यात १० टक्के वजन कमी झालं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी कमी होतो असा अंदाज निघाला. तुमचे ५२ त्या हिशोबाने ३८ होतील, तरी सिव्हियरच. ही सरासरी आहे, कुणाला याहून जास्त फायदा होतो कुणाला काहीच नाही, पण ते १० टक्के उतरवायला जे महिने लागतील तेवढ्या रात्री ऑक्सिजन ७१ ला जाऊ द्यायचा का? टिर्झेपटाइड या वजनाच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने डिसेंबर २०२४ मधे लठ्ठपणा असलेल्या मॉडरेट ते सिव्हियर अॅप्नियासाठी मान्यता दिली आहे, तुम्हाला लागू पडतं का ते विचारायला हरकत नाही, पण तेही महिन्यांचंच काम. जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण माइल्ड-मॉडरेटला जास्त चालतं, सिव्हियरला मशीन अजिबात सहनच झालं नाही तर पुढचा पर्याय म्हणून. कुशीवर झोपणं फुकट आहे, आज रात्रीपासून करा, तुमचे आकडे ६८ विरुद्ध २८ आहेत म्हणजे फरक पडतोच, फक्त २८ ला बरं झालं म्हणू नका. झोपायच्या आधी दारू नको, आणि झोपेची गोळी कुणी सुचवली तर आधी हा रिपोर्ट दाखवा, घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदू उठवायला उशीर करतो.

सीपॅपबद्दल एवढंच की त्यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही, साधी खोलीतली हवा थोड्या दाबाने नाकातून जाते आणि तो दाब घसा आतून उघडा धरतो. सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मधे हे पहिल्यांदा छापलं, तत्त्व अजून तेच आहे. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमधे मोजतात, मशीन साधारण ४ ते २० पर्यंत जातात. तुम्हाला किती लागेल ते या रिपोर्टवरून कळत नाही, एएचआय जास्त म्हणून दाब जास्त असं काही नसतं. त्यासाठी एकतर लॅबमधे परत एक रात्र टायट्रेशन, नाहीतर ऑटो मशीन घरी देऊन ते स्वतः दाब शोधतं. तुमच्यासाठी कुठलं, हे विचारा, कारण कागदावर नुसतं "सीपॅप" लिहून दिलंय आणि त्याने दुकानदार ठरवेल ते मिळेल. मास्क आडवं पडून, दाब चालू करून ट्राय करा, उभ्याने बसलेला मास्क झोपल्यावर गळतो. तोंड उघडं पडत असेल, नाक चोंदत असेल तर आधी सांगा, त्यावरून मास्कचा प्रकार ठरतो.

मग मशीनमधे आकडे दिसायला लागतील, तिथे परत एएचआय भेटेल. तो पाचच्या खाली पाहिजे. मशीनला मेंदूच्या वायरी नाहीत, ते हवेच्या प्रवाहावरून अंदाज करतं, त्यामुळे ३.१ चा ३.८ झाला म्हणून घाबरून डॉक्टरांना फोन नको, आठवडाभराचा कल बघा, आणि सोबत लीकचा, म्हणजे मास्कमधून गळणाऱ्या हवेचा, आकडा बघा, लीक जास्त असेल तर एएचआयवर विश्वास ठेवू नका. तासांचं म्हणाल तर सगळीकडे चार तासांचा नियम ऐकाल, रात्री चार तास आणि दहातल्या सात रात्री, ती वापर मोजायची पट्टी आहे, तेवढं केलं की पुरलं असं नव्हे. रेम झोप पहाटेकडे जास्त असते, तुमचा रेममधला एएचआय ६२ आहे, म्हणजे तीन वाजता मास्क काढून ठेवलात तर सगळ्यात वाईट तास उघडे सोडलेत. हेही सांगते की मशीनने हार्ट अटॅक टळतो अशी गॅरंटी कुणी देत असेल तर ऐकू नका, २०१६ ची सेव्ह नावाची मोठी चाचणी होती, आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्या लोकांवर, त्यात हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत, पण त्यात लोकांनी मशीन रात्री सरासरी सव्वातीन तासांच्या आसपासच वापरलं होतं. घोरणं आणि दिवसाची झोप मात्र त्यांचीही कमी झाली, बीपीवर मशीनचा परिणाम थोडासा पण खरा असतो, आणि ऑक्सिजन पडायचा थांबतो.

दोन गोष्टी राहिल्या. लांबचं ड्रायव्हिंग, विशेषतः रात्रीचं, मशीन नीट बसेपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी करू दे, एपवर्थ सात असला तरी. आणि यापुढे कुठलंही ऑपरेशन, अगदी लहानसं, भूल द्यायची असेल तर भुलतज्ज्ञांना आधीच सांगा की सिव्हियर अॅप्निया आहे, ऑक्सिजन ७१ ला गेला होता, आणि हॉस्पिटलमधे जाताना मशीन सोबत घेऊन जा.